राखलेला कागद

पुण्याच्या एका भगिनींनी आपल्या चौदा वर्षांच्या मुलाचे चित्र पाठवले आहे. राजगडाच्या पायथ्याला पाली गावात बसून त्याने पेन्सिलीने गड काढला. आकार छान साधला आहे. परंतु बुरूज काळे, झाडी काळी, आभाळही बोटाने घासून करडे! ‘छायाप्रकाश मला जमायचाच नाही, यंदा इंटरमिजिएटला बसत नाही,’ म्हणून स्वारी रुसली आहे.

रुसण्याचे कारण नाही. पालीहून पाहता सकाळचा सूर्य गडाच्या मागच्या अंगाने वर येतो. समोरची सारी बाजू छायेत. मग बुरूज आणि कडा वेगळे दिसायचे कसे? दुपार कलल्यावर त्याच जागी बसावे. छाया घटकाभरात सरकते, म्हणून बसल्याबरोबर तिच्या कडा फिक्या रेषेने आखून घ्याव्यात. मग सूर्य कुठेही जावो, त्या हलवू नयेत. दूरचा बालेकिल्ला जवळच्या झाडापेक्षा फिकाच ठेवावा.

पण खरे नुकसान आभाळ घासल्याने झाले. कोऱ्या कागदाहून उजळ असे पेन्सिलवाल्याजवळ काही नसते. जलरंगाचेही तेच. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांनी १९४५–४६ च्या सुमारास काढलेले, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र आठवा. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि कित्येक जण ते खुशाल राजा रविवर्म्याच्या नावावर घालतात! चित्रासाठी उभी राहिली होती हळदणकरांची कन्या गीता. ज्योतीआड धरलेली तिची बोटे आतून लालसर उजळली आहेत. पारदर्शक जलरंगात असा उजेड मागाहून थापता येत नाही; पहिल्यापासून कागद राखावा लागतो.

दिवाळीत हे घरीच पाहता येईल. विजेचे दिवे मालवावेत. टेबलावर पांढरा कागद अंथरून एक पणती आणि शेजारी एक अंडे ठेवावे. (घरात अंडे चालत नसेल तर चुना फासलेला चेंडू.) मुलाला नुसते पाहू द्यावे. सर्वांत गडद पट्टा अगदी कडेला नसतो, किंचित अलीकडे असतो. कडेशी खालच्या कागदावरून परतलेला मंद उजेड असतो. पडछाया अंड्याजवळ गडद, पुढे विरत जाणारी. हे दिसल्यावर मगच पेन्सिल हाती द्यावी. चार छटा पुरतात. जिथे ज्योत चमकते तिथे पेन्सिल मुळीच लावू नये, आणि बोट तर नाहीच नाही.