'टर्नओव्हर किती?' असं विचारलं तर नफा सांगू नका

आजचा शब्द आहे टर्नओव्हर. म्हणाल, हा काय शिकवायचा शब्द आहे का, आमच्या बजाजनगरात चहाच्या टपरीवर पण ऐकू येतो. ऐकू येतो हे खरं. पण बॅचमध्ये मी विचारतो, "तुमचा टर्नओव्हर किती?" तेव्हा कोणी रोजचा गल्ला सांगतो, कोणी घरी किती उरतात ते सांगतो, कोणी मोबाईल काढून बँकेत किती जमा झाले ते बघतो. फॉर्मवर लिहायला तिन्ही उत्तरं चुकीची आहेत.

टर्नओव्हर म्हणजे ठरलेल्या काळात तुम्ही केलेली एकूण विक्री. आपल्याकडे हा काळ बहुतेक वेळा १ एप्रिल ते ३१ मार्च. यातून भाडं, लाईटबिल, पगार, मालाची खरेदी, काहीच वजा करायचं नाही. उधारीवर गेलेला माल धरायचा, पैसे आले नसले तरी. गिऱ्हाइकाने परत केलेला माल वजा करायचा. बिलात वेगळा लावलेला जीएसटी धरायचा नाही. मराठीत याला उलाढाल म्हणतात आणि शब्द चांगला आहे, फक्त पेपरवाल्यांनी तो 'राजकीय उलाढाली'साठी इतका वापरला की धंद्यात कोणी वापरेना.

आता हिशोब बघा. समजा मोहटादेवी चौकाकडे एक किराणा दुकान आहे. रोजची विक्री १२ हजार. महिन्याला ३ लाख ६० हजार, वर्षाला ४३ लाख २० हजार. सरासरी १० टक्के सुटतात असं धरा, म्हणजे ४ लाख ३२ हजार. त्यातून वर्षाचं भाडं ९६ हजार आणि लाईटबिल २४ हजार गेलं. उरले ३ लाख १२ हजार, म्हणजे महिन्याला २६ हजार. हा दुकानदार स्वतःला छोटा माणूस समजतो, आणि कमाईने तो छोटाच आहे. म्हणून तो म्हणतो, "मला कशाला जीएसटी लागतोय? माझा टर्नओव्हरच ३ लाख." अहो दादा, ३ लाख तुमचा नफा आहे. टर्नओव्हर ४३ लाख आहे, आणि फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांच्या वर नोंदणी लागते. ४० लाखांना ३६५ ने भागा, रोजचे ११ हजारसुद्धा होत नाहीत. कंपन्यांचे पगार झाल्यावर पहिल्या आठवड्यात आपल्याकडे कितीतरी दुकानं रोज याच्या वर जातात.

आणि "माझ्याकडे दूध, भाजी, सुटं धान्य आहे, त्यावर टॅक्सच नाही" हे पण पुरतं खरं नाही. फक्त करमुक्त माल विकत असाल तर नोंदणी लागत नाही. पण शेजारी साबण, बिस्किटं ठेवली की मर्यादा मोजताना करमुक्त मालाची विक्रीसुद्धा मोजली जाते. कायद्यात याला अ‍ॅग्रिगेट टर्नओव्हर म्हणतात. एका पॅनवर दोन दुकानं असतील, एक इथे आणि एक रांजणगावला, तर दोन्हींची विक्री एकत्र.

याची उलटी बाजू कर्नाटकात दिसली. जुलै २०२५ मध्ये तिथल्या व्यापारी कर खात्याने यूपीआयवर जमा झालेले पैसे बघून हजारो छोट्या विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला ४ वर्षांच्या १ कोटी ६३ लाखांच्या व्यवहारांवर २९ लाखांची नोटीस आल्याची बातमी होती, आणि ताज्या भाजीवर तर जीएसटीच नाही! बेंगळुरूत लोकांनी क्यूआर कोड काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. नंतर सरकारने जुनी थकबाकी घेणार नाही, नोंदणी करा असं सांगितलं. माझं स्पष्ट मत आहे, तिथे खात्यानेच शब्द चुकीचा वाचला. खात्यात आलेला पैसा म्हणजे टर्नओव्हर नाही. त्यात भिशीचे पैसे असतात, मेहुण्याने परत केलेले उसने असतात. वीजबिल भरून देणाऱ्या सेंटरवाल्याकडून वर्षाला ५० लाख फिरत असतील, पण त्याचा टर्नओव्हर फक्त कमिशन. तरी क्यूआर काढणं हा उपाय नाही. रोकड घेतली म्हणून विक्री कमी होत नाही, फक्त तुमच्या हातचा पुरावा कमी होतो.

तो पुरावा बँकेत लागतो. छोट्या उद्योगांना खेळत्या भांडवलाची मर्यादा देताना बँका नायक समितीची पद्धत वापरतात, म्हणजे अंदाजे वार्षिक टर्नओव्हरच्या किमान २० टक्के. वरच्या दुकानदाराला या हिशोबाने ८ लाख ६४ हजार मिळू शकतात. त्याने रकान्यात नफा लिहिला, ३ लाख १२ हजार, तर २० टक्के म्हणजे ६२ हजार ४००. आणि मग बाहेर येऊन सांगणार, बँक मराठी माणसाला कर्ज देत नाही. बँक रिटर्न पण बघते, त्यामुळे फुगवून लिहिलं तरी चालत नाही.

या गोंधळाला आम्ही ट्रेनर लोक पण जबाबदार आहोत, हे बोललं पाहिजे. 'कोटीचा टर्नओव्हर कसा करायचा' असा थंबनेल लावला की व्ह्यूज येतात. २ टक्के सुटणाऱ्या धंद्यात १ कोटीवर २ लाख उरतात, हे थंबनेलवर कोणी लिहीत नाही. टर्नओव्हर सांगून कोणी छाती फुगवत असेल तर त्याला मार्जिन विचारा.

वापरताना अजून एक. वाळूजच्या कंपनीत एचआरवाला म्हणाला "आमच्याकडे टर्नओव्हर फार आहे", तर खुश होऊ नका, तो सांगतोय की पोरं टिकत नाहीत, सोडून जातात. अमेरिकेत तर नुसतं टर्नओव्हर म्हटलं की आधी हाच अर्थ घेतात, विक्रीला ते सेल्स किंवा रेव्हेन्यू म्हणतात. 'स्टॉक टर्नओव्हर' म्हणजे वर्षात माल किती वेळा फिरला. आणि 'टर्न ओव्हर' असं तोडून लिहिलं की पान उलटा, परीक्षेच्या पेपरखाली पी.टी.ओ. असायचं ना, तेच. वाक्यात वापरताना काळ सांगा. 'माय टर्नओव्हर इज टेन लॅक्स' हे अर्धं वाक्य आहे. महिन्याचे की वर्षाचे?

मोबाईल दुकानवाल्यांनी मात्र आजच वही काढा. तुम्ही कव्हर, चार्जर विकता आणि रिपेअरिंग पण करता. रिपेअरिंग ही सेवा आहे, त्यामुळे ४० लाखांची सवलत तुम्हाला लागू नाही, तुमची मर्यादा २० लाख. म्हणजे दोन्ही मिळून रोजचे साधारण साडेपाच हजार. सीएकडे जाताना "जीएसटी लागेल का" असं विचारू नका, १ एप्रिलपासूनची विक्री आणि रिपेअरिंगची बिलं वेगवेगळी बेरीज करून घेऊन जा.