गावकूस पुन्हा बांधाल, तर गाठ आमच्याशी आहे

न्यू जर्सीच्या उपनगरांतले मराठी घरमालक आणि इथल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणी यांना हा जाहीर इशारा आहे.

टाऊनशिपच्या सभेत अफोर्डेबल हाउसिंगचा विषय निघाला, की आपल्यातले काही जण माइकपुढे रांग लावतात. ट्रॅफिक वाढेल, शाळेत गर्दी होईल, घरांचे भाव पडतील. महागड्या टाऊनहाउसच्या ओळी उभ्या राहिल्या, तेव्हा यांना ट्रॅफिक आठवला नव्हता. ‘तसले लोक येतील’ हे खरं कारण सभेत कुणी उच्चारत नाही. ते मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं.

तसले लोक कोण, ते ऐका. याच राज्यातल्या माउंट लॉरेल गावात एथेल लॉरेन्स यांचं कृष्णवर्णीय कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राहत होतं. तिथल्या रहिवाशांनी 36 स्वस्त घरांची परवानगी मागितली. परवडत नसेल तर गाव सोडा, असं 1970 मध्ये मेयरनं त्यांना सुनावलं. प्रकरण कोर्टात गेलं. 1975 मध्ये आणि पुन्हा 1983 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की झोनिंगच्या आडून गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही. स्वस्त घरांचा आपला वाटा प्रत्येक गावानं उचललाच पाहिजे. तरी पळवाट निघाली. निम्म्यापर्यंतचा वाटा पैसे मोजून दुसऱ्या शहराच्या गळ्यात मारण्याची सोय 2008 पर्यंत चालू होती. माउंट लॉरेलमधली स्वस्त घरांची वसाहत उभी राहायला 2000 साल उजाडलं. एथेल लॉरेन्स 1994 मध्येच वारल्या होत्या.

प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी या वसाहतीचा अभ्यास करून 2013 मध्ये पुस्तक काढलं. आसपासच्या घरांचे भाव, गुन्हे आणि कर त्यांनी तशाच इतर गावांशी ताडून पाहिले. वसाहतीमुळे यांपैकी कशावरही परिणाम झालेला आढळला नाही. तेव्हा भाव पडण्याची भीती यापुढे आम्हाला दाखवू नका.

आता शाळांचं. शाळांत वंशावरून मुलं वेगळी काढायला या राज्याच्या 1947 च्या संविधानानं मनाई केली आहे. पण मूल ज्या गावात राहतं, सहसा त्याच गावच्या शाळेत जातं. त्यामुळे घराला परवानगी नाकारली, की शाळेचं दार आपोआप बंद होतं. शाळेच्या ज्या रेटिंगसाठी तुम्ही कर्ज काढून घर घेतलंत, त्यात या बंद दाराचाही हिस्सा आहे.

आपण इथे कसे आलो, तेही विसरू नका. भारतातून आलेले भगतसिंग थिंद गोरे नाहीत, म्हणून 1923 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना नागरिकत्व नाकारलं. आपल्यासाठी दार उघडलं ते 1965 च्या इमिग्रेशन कायद्यानं, आणि त्यामागे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचं बळ होतं. 1987 मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणारे टोळके भारतीयांना हुसकावून लावण्याच्या धमक्या देत होते. आणि माणसांना गावकुसाबाहेर ठेवून त्यांना पाणवठाही नाकारणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातून आलेल्यांना समजावून सांगायला नको.

आमच्या मागण्या:

1. मंडळाचे ग्रुप, मेलिंग लिस्ट आणि मंच या घरांविरुद्ध सह्या गोळा करायला वापरणं आजपासून बंद करा.

2. तसा लेखी ठराव करून येत्या गणेश चतुर्थीपूर्वी सर्व सभासदांना पाठवा.

3. सुनावणीत रस्ते, सांडपाणी, आराखडा यांवर खुशाल बोला. येणाऱ्या माणसांच्या लायकीवर बोलाल, तर तिथेच उत्तर मिळेल.

मुदत टळली, तर आम्ही वर्गणी भरणार नाही आणि मंडळाच्या निवडणुकीत तुमच्याविरुद्ध उमेदवार उभे करू. टाऊनशिपच्या सभांची इतिवृत्तं सार्वजनिक असतात. ती मागवून, कोण काय बोललं हे सर्वसाधारण सभेत वाचून दाखवू. प्रत्येक सुनावणीत त्याच माइकवरून या घरांच्या बाजूनं मराठीजन बोलतील.

कायद्याचा इशारा वेगळाच आहे. 2025 पासून स्वस्त घरांच्या वाट्याचा दहा वर्षांचा नवा टप्पा सुरू झाला आहे. जे गाव आपला वाटा उचलणार नाही, त्याचं बिल्डरांच्या दाव्यांपासूनचं कायदेशीर संरक्षण जाऊ शकतं. मग बिल्डर कोर्टातून हुकूम आणू शकेल, आणि कुठे किती बांधायचं यात गावाचा शब्द फारसा उरणार नाही. अडवणूक करणाऱ्यांनी हेही शेजाऱ्यांना सांगावं.

मुदत वाढवून मिळणार नाही.

— न्यू जर्सीतले मराठी रहिवासी, भाडेकरू आणि घरमालक