हात दिसत नाही म्हणून पिझ्झा चालतो



जयंतीच्या बैठका सुरू झाल्या की एक तक्रार हमखास कानावर येते. "पोरं वर्गणी द्यायला दहा वेळा विचार करतात आणि रात्री पिझ्झा मागवतात." घाटकोपरचे रमाबाई नगर असो, विक्रोळीचे कन्नमवार नगर असो की बोरिवलीचे मागाठाणे, तक्रार तीच. तक्रार करणारे आपलेच ज्येष्ठ आहेत, त्यांनी चळवळीसाठी खस्ता खाल्ल्या आहेत, त्यांच्याबद्दल आदर आहेच. दुसऱ्या बाजूला आपल्यातलेच काही शिकलेले लोक म्हणतात, "बघा, बाजाराने जात मोडली. आता ब्राह्मणाचा पोरगा आणि बौद्धाचा पोरगा एकाच दुकानातला पिझ्झा खातो." पहिल्यांना पिझ्झ्यात अधःपतन दिसते, दुसऱ्यांना क्रांती दिसते. माझ्या मते दोघेही चुकत आहेत, आणि ही चूक साधी नाही. ती आपल्याला अन्नाच्या खऱ्या राजकारणापासून दूर नेते.

आधी ज्येष्ठांच्या तक्रारीकडे पाहू.

डॉमिनोज आणि पिझ्झा हट या दोन्ही कंपन्या भारतात १९९६ साली आल्या. त्या वेळी पिझ्झा ही पैसेवाल्यांची चैन होती. पुढे डॉमिनोजने छोटे, स्वस्त पिझ्झे काढले, आणि २०२३ मध्ये तर ४९ रुपयांचा पिझ्झा बाजारात आणला. चार पिझ्झे दोनशे रुपयांच्या आत. आता आपल्या वस्तीतले घर डोळ्यांसमोर आणा. दहा बाय पंधराची खोली, त्यातच मोरी, त्यातच ओटा. आई दिवसभर चार घरची धुणीभांडी करून किंवा हाउसकीपिंगची पाळी संपवून रात्री आठला येते. पोराचा वाढदिवस असतो. अशा वेळी शिजवावे न लागणारे, भांडी घासावी न लागणारे, सगळ्यांना वाटून खाता येणारे अन्न दोनशे रुपयांत दारात येत असेल, तर ते का मागवू नये? वडापाव याहून स्वस्त आहे, पण वाढदिवसाला वडापाव आणून कोणी मेणबत्ती लावत नाही.

आणि यात पैशापलीकडचीही एक गोष्ट आहे. दुकानात किंमत पाटीवर लिहिलेली असते. काउंटरवरचा माणूस आडनाव विचारत नाही. खोका सगळ्यांना सारखाच मिळतो. हे ज्यांना क्षुल्लक वाटते त्यांनी आपल्या आजोबांना विचारावे. गावच्या हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी वळचणीला खोचलेली असायची. स्वतः धुवायची, स्वतः पुढे करायची, वरून ओतलेला चहा बाहेर उकिडवे बसून प्यायचा. १९१८ मध्ये परदेशात शिकून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झालेल्या बाबासाहेबांच्या पाणी पिण्यालाही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आहे. त्या माणसांच्या नातवंडांना ठरलेली किंमत देऊन, मान खाली न घालता खायला मिळते तेव्हा त्यांना बरे वाटते. त्या बरे वाटण्याला 'चंगळवाद' म्हणणे मला पटत नाही. मुलुंड पश्चिमेच्या टॉवरमधला मुलगा पिझ्झा खातो तेव्हा तो 'मॉडर्न' आणि आमचा खातो तेव्हा तो 'बिघडलेला', ही मोजपट्टी कोणाची आहे?

ज्येष्ठ म्हणतात, बाबासाहेबांनी खाण्यापिण्यात शिस्त सांगितली. खरे आहे. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी मृत जनावराचे मांस सोडायला सांगितले. पण का? कारण ते महारकीचा भाग होते, लादलेले होते, ते खाणे म्हणजे आपले हीनपण कबूल करणे होते. प्रश्न स्वाभिमानाचा होता, मांसाच्या पवित्र-अपवित्रतेचा नव्हता. त्या कसोटीवर पिझ्झा नापास होत नाही. मैदा, मीठ, चीज यांचा अतिरेक वाईट आहे, उधारीवर मागवणे तर आणखी वाईट, हे पोरांना जरूर सांगा. पण ते आरोग्याचे आणि हिशेबाचे बोलणे आहे. त्यात चळवळीशी गद्दारी आणू नका.

आता दुसऱ्या पक्षाकडे येऊ. हा पक्ष जास्त हुशार आहे, म्हणून त्याच्याशी जास्त भांडावे लागेल.

चंद्रभान प्रसाद यांच्यासारखे विचारवंत अनेक वर्षे मांडत आले आहेत की बाजार जातीला कमकुवत करतो. २०१० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत उत्तर प्रदेशातल्या दोन तालुक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आर्थिक उदारीकरणानंतर तिथल्या दलितांचे खाणे, कपडे, राहणी कशी बदलली हे त्यात दाखवले आहे. तो बदल खरा आहे, मी तो नाकारत नाही. प्रश्न असा आहे की या बदलाने जात मोडली की फक्त झाकली?

१९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी सहभोजनवाल्यांना स्पष्ट बजावले होते. एकत्र जेवल्याने जातीची भावना मरत नाही. आंतरजातीय विवाह हवेत, आणि त्याहून खोलवर जाऊन शास्त्रांचे पावित्र्य मोडायला हवे. पिझ्झा तर सहभोजनही नाही. ब्राह्मणाचा पोरगा त्याच्या घरी खातो, आपला पोरगा आपल्या घरी. एकाच दुकानातून खोके निघाले म्हणून पंगत एक होत नाही.

मग कट्टर सोवळ्या घरातही पिझ्झा कसा चालतो? नीट बघा. पिठाचे गोळे कंपनीच्या मध्यवर्ती कारखान्यात तयार होतात आणि थंड गाडीतून दुकानात येतात. दुकानात हातमोजे आणि टोपी घातलेला कामगार तो सजवून भट्टीत सरकवतो. गिऱ्हाईकापर्यंत पोहोचतो तो बंद खोका आणि कंपनीचा शिक्का. कोणी मळले, कोणी भाजले, कोणी कापले, काहीच कळत नाही. विटाळ हाताचा असतो, आणि इथे हातच गायब केला आहे. म्हणून पिझ्झा चालतो. जात गेली म्हणून चालतो, असे समजण्यात अर्थ नाही.

हात दिसला की काय होते ते पाहा. २०१९ मध्ये जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने डिलिव्हरीवाला मुस्लिम आहे म्हणून झोमॅटोची ऑर्डर रद्द केली आणि जाहीरपणे तसे मिरवले. जून २०२२ मध्ये लखनौत एका दलित डिलिव्हरी कामगाराने पोलिसांत तक्रार दिली की त्याची जात कळल्यावर गिऱ्हाइकाने अन्न नाकारले आणि त्याच्यावर थुंकून मारहाण केली. अन्न तेच, खोका तोच. आडनाव तेवढे कळले.

आणि कंपन्या कोणाच्या बाजूने झुकतात? मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने 'शुद्ध शाकाहारी' गिऱ्हाइकांसाठी वेगळा ताफा जाहीर केला. हिरवा गणवेश, हिरवा डबा. गदारोळ झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घेतला, पण वेगळा ताफा ठेवला. म्हणजे भेद राहू द्या, फक्त तो रस्त्यावर दिसू देऊ नका! आपल्या उपनगरातच बघायचे तर पवईच्या आयआयटीत २०२३ मध्ये वसतिगृहाच्या मेसमधली सहा टेबले फक्त शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवली, आणि त्याचा निषेध म्हणून तिथे बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड केला. देशातल्या सर्वात हुशार म्हणवणाऱ्या मुलांच्या संस्थेत वळचणीच्या कपबशीचे टेबल झाले.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत कांदा-लसूण नसलेला जैन पिझ्झा सहज मिळतो. कोणाला कांदा नको असेल तर तो त्याचा हक्क आहे, त्याबद्दल माझे भांडण नाही. भांडण वेगळे आहे. एका समाजाच्या ताटासाठी जगभरच्या कंपन्या मेनू बदलतात आणि दुसऱ्या समाजाच्या ताटाचा साधा उल्लेखही कुठे होत नाही. सुकट, वजडी, चानी यांची टॉपिंग कोणत्या कंपनीच्या मेनूवर आहे? सुकट भाजल्याचा वास आला म्हणून भाडेकरूला घर खाली करायला सांगणाऱ्या सोसायट्या याच उपनगरांत आहेत. २०१५ मध्ये तर राज्याने गोवंश हत्याबंदीचा विस्तार करून बैलाचे मांसही बंद केले, आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त प्रथिन कायद्याने काढून घेतले. 'बाजार तटस्थ असतो' म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

पिझ्झा मुळात कोणाचा? इटलीतल्या नेपल्स शहरातल्या गरिबांचा. गोदीतले कामगार, हमाल, मजूर रस्त्यावर उभे राहून खायचे. उच्चभ्रू त्याला नाक मुरडायचे. तिथले गरीब अमेरिकेत गेले, त्यांनी स्वतःच्या नावाची दुकाने टाकली आणि गरिबाचे अन्न जगाचे झाले. त्यांना गरिबी होती, हेटाळणी होती, पण त्यांच्या हाताला विटाळ नव्हता. आपल्या आज्यांनीही टाकलेल्या, उरलेल्या, स्वस्तातल्या जिनसांतून एक अख्खी पाककला उभी केली. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीवर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिले तेव्हा २०१५ साल उजाडले होते. पूर्णब्रह्माच्या ताटात आपल्याला जागाच नव्हती, हे त्या नावातच आहे. आणि गंमत म्हणजे, बाजाराने जात जाईल म्हणणाऱ्या चंद्रभान प्रसादांनीच २०१६ मध्ये 'दलित फूड्स' या नावाने मसाले-लोणची विकायला काढली. नाव लपवून विकणे सोपे होते. त्यांनी नाव लावून विकले, कारण खरी परीक्षा तिथेच आहे हे त्यांनाही ठाऊक होते.

ही परीक्षा कशी घ्यायची ते राजर्षी शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवले. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढायला लावले. लोक फिरकेनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायचे आणि सोबतच्या सवर्णांनाही पाजायचे. तिथे हात झाकला नव्हता. तो कोणाचा आहे हे सगळ्या गावाला माहीत होते, आणि त्याच हातचे प्यायचे होते. पिझ्झ्याच्या खोक्यात आणि गंगाराम कांबळेंच्या कपात हा फरक आहे.

आता त्या हाताच्या मजुरीबद्दल. पिझ्झा स्वस्त आणि झटपट आहे त्याचे एक कारण दुचाकीवरचा पोरगा आहे. आपल्या प्रत्येक गल्लीत असा एखादा तरी आहे. 'तीस मिनिटांत' ही हमी डॉमिनोजने अमेरिकेत दिली होती. अपघात झाले, खटले झाले, भरपाईचा मोठा निकाल लागला, आणि १९९३ मध्ये तिथे ती बंद करावी लागली. आपल्याकडे नंतर तीच हमी जाहिरातीचे ब्रीद झाली. जुलैच्या पावसात एलबीएस रोडच्या खड्ड्यांतून आणि साकीनाक्याच्या कोंडीतून ती वेळ कोण पाळतो? आणि पोहोचल्यावर टॉवरच्या फाटकावर त्याला सांगितले जाते, "सर्व्हिस लिफ्टने जा." मुंबईच्या इमारतींत कुत्र्याला मालकासोबत मुख्य लिफ्ट मिळते आणि जेवण आणणाऱ्या माणसाला मिळत नाही. याला काय म्हणायचे ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग करायचे काय? पिझ्झ्यावर बहिष्काराने काही साधणार नाही. तीन कामे मात्र आजपासून करता येतील.

एक, डिलिव्हरी करणाऱ्या पोरांना संघटित करा. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी आठ तासांच्या दिवसासाठी काम केले. आज आपल्याच पोरांचा दिवस ॲप ठरवते. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला. महाराष्ट्रात तसा भक्कम कायदा व्हावा ही मागणी जयंतीच्या बॅनरवर आली पाहिजे. तोवर प्रत्येक वस्तीत एक रविवार बसून ई-श्रमवर नोंदणी करून द्या.

दोन, आपले अन्न आपल्या नावाने विका. चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला आपल्याच माणसांत स्टॉल लावणे सोपे आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी स्टेशनबाहेर बचत गटाच्या बायांनी स्वतःच्या नावाची पाटी लावून भाकरी, सुकट, मटण विकले पाहिजे, आणि त्यांना परवाना, जागा, भांडवल मिळवून देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. कोण घेतो, कोण पाटी वाचून पुढे जातो, तेही कळेल.

तीन, तुम्ही ज्या इमारतीत राहता किंवा काम करता तिथला वेगळ्या लिफ्टचा नियम लेखी मागा आणि त्याला लेखी विरोध करा. एसआरएच्या इमारतीत सोसायटीचे पदाधिकारी आपलेच असतील तर अधिकच. आपल्या फाटकावर असला नियम असणे ही लाजेची गोष्ट आहे.

बाकी पिझ्झा खा. मजेत खा, पोरांचे वाढदिवस करा. दारात आलेल्या पोराला त्याचे नाव विचारा आणि पाणी द्या, घरात आपण पितो त्याच पेल्यातून. आपला सत्याग्रह पाण्यापासूनच सुरू झाला होता.