माळव्यातील समुद्राची साक्ष

धार आणि देवास ही नावे मराठी मनाला पवारांच्या संस्थानांमुळे परिचित आहेत. त्या मुलखाचा समुद्राशी काय संबंध, असे कोणीही विचारील. धार जिल्ह्यातील बाघपासून आजचा किनारा दोनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. तथापि तेथील खडकांत समुद्री शंखशिंपल्यांचे अवशेष विपुल सापडतात. सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेचा समुद्र आजच्या नर्मदाखोऱ्याच्या वाटेने आत शिरला होता, याचीच ही साक्ष होय.

तळाशी वालुकाश्म, त्यावर उथळ समुद्रात साचलेला चुनखडक आणि त्याहून वर पुन्हा जमिनीवरचे थर, असा हा दस्तऐवज आहे. याच वरच्या थरांत डायनोसॉरची ९२ घरटी व २५६ अंडी आढळल्याचे दिल्ली विद्यापीठातील व अन्य संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे जेथे लाटा होत्या, तेथेच पुढे भूचर वावरले. अखेर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हारसाने हा सारा प्रदेश झाकला. देवासचे पठार आणि आमचा सह्याद्री त्याच काळ्या पाषाणाचे आहेत.

कोटी वर्षांच्या या गोष्टी आज कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी जवळचा पुरावा पाहावा. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. कोकण-गोव्यासमोरील समुद्रतळाच्या गाळात व चुनखडकात त्या बुडालेल्या किनाऱ्यांच्या खुणा आहेत. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा अभ्यास केला आहे. समुद्राने मागे सरून भूमी दिली, ही परशुरामाची कथा आम्ही भक्तिभावाने सांगतो. दिलेली भूमी समुद्र परतही घेतो, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो.

विसाव्या शतकाच्या आरंभापासून जगातील सागरपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे. असे असता २०१९ च्या सागरकिनारी नियमनाच्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. ही रेषा जणू कायमची कोरलेली आहे, असेच गृहीत धरलेले दिसते! आमच्या खाजन शेतीचे बांध आणि मानशी राखणाऱ्या पूर्वजांना भरतीचा स्वभाव अधिक कळत होता. ते बांध दुरुस्त करणे आणि भरतीरेषा ठरविताना वाढत्या पातळीचा हिशेब धरणे, ही सरकारची आजची निकड आहे. माळव्यातील दगडांनी आपली साक्ष दिली आहे. ती ऐकायची की नाही, हे आपण ठरवावयाचे आहे.