वॉर्डातील झाडूपासून नर्सिंगच्या पदवीपर्यंत

"बारावी झाली, लग्न झाले, लेकरे झाली, आता शिकून काय करणार?" दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूपसारख्या गावात आपल्या लेकी-सुनांना हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. विचारणारे बहुधा घरचेच असतात. ज्या समाजाला शिक्षणाचा हक्क झगडून मिळवावा लागला, त्या समाजातच हा प्रश्न विचारला जावा, ही खेदाची गोष्ट आहे.

मंद्रूपला ग्रामीण रुग्णालय आहे. तासाभराच्या अंतरावर सोलापूरचे सिव्हिल हॉस्पिटल आहे. अशा दवाखान्यांत आपल्या आयाबहिणी पिढ्यान्‌पिढ्या राबल्या, पण कोणत्या कामावर? फरशी पुसायला, बेडपॅन उचलायला आणि बाळंतिणीची घाण काढायला. हातात झाडू होता, केसपेपर नव्हता. वर्णव्यवस्थेने सेवा आमच्या माथी मारली आणि त्या सेवेचे ज्ञान, पगार व मान दुसऱ्यांसाठी राखून ठेवला. म्हणून "नर्सिंग म्हणजे पुन्हा सेवाच ना?" असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर स्पष्ट आहे. विनामोबदला लादलेली सेवा ही गुलामी. शिकून, परीक्षा देऊन, नोंदणी करून केलेली सेवा हा व्यवसाय. औषधाची मात्रा कोणती, रुग्णाची नाडी काय सांगते, डॉक्टरला केव्हा बोलवायचे, हे ठरवणारी बाई कोणाची हरकामी नसते.

या वाटेवर पहिले पाऊल आपल्याच माउलीचे आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढणाऱ्या फुले दांपत्याने वयाची सबब कधीच निकालात काढली होती.

आता व्यवहाराचे बोलू. भावनेच्या भरात चुकीचा कोर्स निवडला तर वर्षे आणि पैसा दोन्ही पाण्यात जातात. भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमानुसार चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. गुण ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. वय १७ ते ३५. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. मग कला शाखेतून बारावी झालेल्या सुनेने काय करावे? तिने निराश होऊ नये. तीन वर्षांच्या जीएनएमला कला शाखाही चालते. इंग्रजी आणि ४० टक्के गुण हवेत. जीएनएम होऊन नोंदणी झाली की दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतो. म्हणजे वाट लांबची असली तरी पदवीपर्यंत जाते. जीएनएमलाही ३५ वर्षांची मर्यादा आहे. मात्र आधीच एएनएम असणाऱ्या भगिनींना ती लागू नाही. तेव्हा तिशी ओलांडलेल्या भगिनीने "पुढच्या वर्षी बघू" म्हणत बसू नये.

सर्वात मोठा धोका दलालांचा. सहा महिन्यांत "नर्स" करून देतो, अशा पाट्या तालुक्या-तालुक्यात लागलेल्या असतात. अशा कागदावर महाराष्ट्र नर्सिंग परिषदेची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर ती बाई कायद्याने नर्स नाही. खासगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबण्यासाठी त्या कागदाचा उपयोग होतो, बस्स! पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा : परिषदेची मान्यता आहे का? स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय आहे का? परीक्षा कोण घेते? बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे नाव आले पाहिजे. उत्तर देताना जो चाचरेल, त्याला एक रुपयाही देऊ नका.

विवाहितेची खरी दमछाक कागदपत्रांत होते. जात जन्माने ठरते, म्हणून जातीचा दाखला आणि जात वैधता वडिलांच्या पुराव्यांवर, माहेरच्या नावाने मिळते. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी किंवा राजपत्र हाताशी ठेवा. शिक्षणात खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र करून घ्या. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची उत्पन्न मर्यादा आहे. उत्पन्नाचा दाखला माहेरचा की सासरचा, हे समाजकल्याण कार्यालयात आधीच विचारा. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेच्या अटी पाहा.

प्रवेश मिळाला म्हणजे झाले असेही नाही. बी.एस्सी.ला थिअरीची ८० टक्के हजेरी लागते आणि वॉर्डातील प्रात्यक्षिकाचे तास शंभर टक्के भरल्याशिवाय पदवी मिळत नाही. लेकरू आजारी, सासू अंथरुणावर, शेवटची एसटी चुकलेली. यांतले कोणतेही कारण तिथे चालत नाही. रात्रपाळीही करावी लागते. शरीरशास्त्राची इंग्रजी पुस्तके पहिल्या सहा महिन्यांत रडवतात. पण मंद्रूपच्या बाईजवळ एक भांडवल आहे : या सीमाभागात मराठीबरोबर कन्नडही कानावर पडलेली असते. घाबरलेल्या रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलता येणे ही वॉर्डात छोटी गोष्ट नाही.

म्हणूनच हा प्रश्न एकट्या बाईचा नाही. ती रात्रपाळीला असताना भाकरी कोण थापणार? नवऱ्याने थापावी. घराघरांत बाबासाहेबांची तसबीर आहे; त्या तसबिरीखाली बायकोचे पुस्तक मिटायला लावणारा नवरा स्वतःला अनुयायी कसा म्हणवतो?

आणि चळवळीचे काय? बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. तेव्हा समाजाजवळ ना नोकऱ्या होत्या, ना पैसा. आज जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढा खर्च होतो, त्यातून किती भगिनींचे प्रवासभाडे आणि पुस्तके निघतील, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने करावा. विहारात संध्याकाळी दोन तास अभ्यासिका चालवावी, दाखल्यांसाठी तहसीलला सोबत जाणारा एक कार्यकर्ता नेमावा.

पदवीनंतरही लढाई आहेच. कायम पदे सोडून कंत्राटी भरतीचा सपाटा लागला, की तेरा टक्के आरक्षण कागदावर राहते. त्यासाठी रस्त्यावर यावे लागेल. पण जागा मागायला आधी पात्र उमेदवार हवेत. ते घडवण्याचे काम सरकारवर सोडून चालणार नाही. यंदाच्या जयंतीची वर्गणी गोळा करताना प्रत्येक मंडळाने आपल्या वस्तीत बारावी झालेल्या, घरात बसलेल्या सुनांची यादी करावी. आणि त्यांच्या दारात वर्गणीची पावती नेण्याआधी प्रवेशाची माहितीपुस्तिका न्यावी.