विश्लेषण : तुटून पडायचे की वाट पाहायची? अमेरिकन फुटबॉलमधील बचावाचा जुना वाद आणि त्यामागचे गणित

दोन सामने, मध्ये अवघे दोन आठवडे. २६ जानेवारी २०२५ रोजी कॅन्सस सिटी चीफ्सने बफेलो बिल्सचा ३२-२९ असा पराभव करून सुपर बोल गाठला. शेवटच्या टप्प्यात बिल्सला चौथ्या प्रयत्नात ५ यार्ड हवे होते. चीफ्सचे बचाव प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांनी प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक जॉश ॲलनवर जादा खेळाडू सोडले. ॲलनने मागे सरकत घाईघाईने फेकलेला चेंडू सहकाऱ्याला पकडता आला नाही आणि बिल्सची वाटचाल तिथेच थांबली. ९ फेब्रुवारीला न्यू ऑर्लिन्समध्ये हाच चीफ्स संघ फिलाडेल्फिया ईगल्ससमोर उभा राहिला. ईगल्सचे बचाव प्रशिक्षक व्हिक फँजिओ यांनी संपूर्ण सामन्यात एकदाही जादा खेळाडू पुढे पाठवला नाही. तरीही चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स सहा वेळा चेंडूसह जमिनीवर लोळवला गेला आणि ईगल्सने ४०-२२ अशी बाजी मारली.

पहिल्या सामन्यात धाडस जिंकले, दुसऱ्यात संयम. मग बचाव आक्रमक असावा की सावध? एनएफएलमध्ये दर हंगामात रंगणारा हा वाद प्रशिक्षकांच्या स्वभावाचा मानला जातो. प्रत्यक्षात तो बराचसा अंकगणिताचा आहे.

वाद नेमका कशाचा?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. या प्रयत्नांना ‘डाउन’ म्हणतात. १० यार्ड पार केले की पुन्हा चार प्रयत्न. मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचल्यास टचडाउनचे ६ गुण आणि त्यानंतर एक किंवा दोन जादा गुण मिळवण्याची संधी. तिथवर पोहोचता आले नाही तर खांबांमधून चेंडू मारून फील्ड गोलचे ३ गुण.

बचाव करणाऱ्या संघापुढे प्रत्येक प्रयत्नाला एकच प्रश्न असतो. अकरा खेळाडूंपैकी किती जणांना क्वार्टरबॅकवर धावून जायला सांगायचे आणि किती जणांना मागे ठेवायचे? चार जणांनी धावून जाणे ही नेहमीची पद्धत. पाच किंवा त्याहून अधिक जण गेले की तो ‘ब्लिट्झ’. ढोबळमानाने, जास्त ब्लिट्झ करणारा संघ आक्रमक आणि मागे जास्त माणसे ठेवणारा संघ सावध समजला जातो.

अकरा खेळाडूंचे गणित काय सांगते?

चेंडू असलेल्या संघात एक क्वार्टरबॅक, त्याच्या संरक्षणासाठी पाच धिप्पाड खेळाडू आणि पास झेलण्यास पात्र असे पाच जण असतात. बचावाने चार जण पुढे पाठवले तर मागे सात उरतात. पाच जणांवर लक्ष ठेवायला सात, म्हणजे दोन खेळाडू मोकळे. एखादा सहकारी चुकला तर सावरायला कोणी तरी आहे. पाच पाठवले की मोकळा उरतो एकच. सहा पाठवले की मागे पाचास पाच. कोणी घसरला तर त्याच्या मागे रिकामे मैदान. याच मांडणीला ‘कव्हर झिरो’ म्हणतात.

या जोखमीच्या बदल्यात मिळतो तो वेळ. क्वार्टरबॅक साधारण अडीच ते तीन सेकंदांत चेंडू सोडतो. त्यातला अर्धा सेकंद हिरावला गेला तरी लांब धावणारा सहकारी ठरलेल्या जागी पोहोचलेला नसतो. थोडक्यात, ब्लिट्झ म्हणजे मागची जागा विकून वेळ विकत घेणे आणि सावध बचाव म्हणजे वेळ देऊन जागा राखणे. दोन्ही सौदेच आहेत. फुकट काहीच मिळत नाही.

आक्रमक बचावाची बाजू काय?

आक्रमणाच्या समर्थकांचे आवडते उदाहरण म्हणजे १९८५च्या हंगामातील शिकागो बेअर्स. बडी रायन यांच्या ‘४६’ या मांडणीत चेंडूजवळ इतकी गर्दी केली जाई की, कोण धावून येणार आणि कोण मागे थांबणार हे समोरच्या संघाला कळतच नसे. साखळीत १५ विजय आणि एक पराभव, बाद फेरीत जायंट्सवर २१-० आणि रॅम्सवर २४-० आणि सुपर बोलमध्ये पेट्रियट्सवर ४६-१० असा त्या संघाचा आलेख होता.

पण तो एक पराभवही तितकाच बोलका आहे. मायामी डॉल्फिन्सने बेअर्सला ३८-२४ असे हरवले, कारण त्यांच्याकडे डॅन मरिनो होता. चेंडू हातातून विजेच्या वेगाने सोडणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे वेळ विकत घेण्याचा सौदा महाग पडतो. तो आधीच कमी वेळ घेत असतो आणि मागची मोकळी जागा त्याला आयती मिळते.

अलीकडच्या काळात मिनेसोटा व्हायकिंग्जचे ब्रायन फ्लोरेस यांनी हाच वारसा वेगळ्या रीतीने चालवला. २०२३च्या हंगामात त्यांच्या संघाने लीगमध्ये सर्वाधिक ब्लिट्झ केले. मात्र त्यांची खासियत तेवढीच नाही. कधी सहा-सात जण पुढे उभे करून प्रत्यक्षात तिघांनाच धाडायचे आणि आठ जण मागे पाठवायचे, हाही त्यांच्याच वहीतला डाव.

सावध बचावाला बळ कशामुळे मिळाले?

पहिले कारण नियमांचे. १९७८मध्ये पास झेलणाऱ्या खेळाडूला पाच यार्डांपलीकडे धक्काबुक्की करण्यावर बंदी आली. पुढे क्वार्टरबॅकच्या संरक्षणाचे नियमही कडक होत गेले. एकट्या बचावपटूने वेगवान खेळाडूला रोखणे त्यामुळे अवघड झाले आणि मागे आधार ठेवण्याची गरज वाढली.

दुसरे कारण महोम्ससारखे क्वार्टरबॅक. टॉड बोल्स यांनी हा धडा एकाच हंगामात घेतला. नोव्हेंबर २०२०मध्ये त्यांच्या टॅम्पा बे बकनीअर्सविरुद्ध चीफ्सच्या टायरिक हिलने एकट्याने २६९ यार्ड आणि तीन टचडाउन मिळवले, कारण त्याच्यावर अनेकदा एकच बचावपटू सोडला होता. फेब्रुवारी २०२१च्या सुपर बोलमध्ये हेच दोन संघ पुन्हा भिडले. ब्लिट्झसाठी ओळखल्या जाणाऱ्या बोल्स यांनी या वेळी स्वभावाला मुरड घातली, दोन सेफ्टी खोलवर ठेवले आणि दबाव आणण्याचे काम पुढच्या चौघांवर सोपवले. चीफ्सला एकही टचडाउन करता आला नाही. निकाल ३१-९.

इथे एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. त्या सामन्यात चीफ्सच्या संरक्षक फळीतील दोन्ही टोकांचे प्रमुख खेळाडू दुखापतीमुळे नव्हते. ईगल्सच्या २०२५मधील विजयातही जॉश स्वेट आणि मिल्टन विल्यम्स यांनी मिळून साडेचार वेळा महोम्सला लोळवले. म्हणजे चार जणांनी सहा जणांचे काम केले. सावध बचाव यशस्वी झाला असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा पुढच्या फळीतील चौघांचे कौतुक करत असतो. ज्या संघाकडे असे चौघे नाहीत त्याने फँजिओंची नक्कल केली तर क्वार्टरबॅकला आरामात उभे राहायला वेळ मिळेल आणि मागचे सात जण फार काळ पुरणार नाहीत. अशा संघासाठी ब्लिट्झ ही हौस नसते, गरज असते.

शेवटच्या सेकंदांत गफलत कुठे होते?

वादाला खरी धार चढते ती आघाडीवर असलेल्या संघाने शेवटी काय करावे या प्रश्नावर. दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले २३ जानेवारी २०२२चे. बिल्स ३६-३३ असे पुढे होते आणि १३ सेकंद उरले होते. चीफ्सचा चेंडू त्यांच्याच २५ यार्डांच्या रेषेवर. बिल्सचे बचावपटू खोलवर मागे उभे राहिले. महोम्सने हिलला १९ यार्डांचा आणि ट्रॅव्हिस केल्सीला २५ यार्डांचा असे दोनच पास दिले. ४९ यार्डांवरून फील्ड गोल झाला, बरोबरी झाली आणि जादा वेळेत चीफ्सने ४२-३६ अशी बाजी मारली.

दुसरे ६ डिसेंबर २०२०चे. न्यूयॉर्क जेट्स २८-२४ असे पुढे होते. रेडर्सचा चेंडू जेट्सच्या ४६ यार्डांवर आणि घड्याळात काही सेकंद. जेट्सचे बचाव प्रशिक्षक ग्रेग विल्यम्स यांनी मागे एकही सेफ्टी न ठेवता सर्वांगी ब्लिट्झ केला. वेगवान हेन्री रग्ज एका नवख्या कॉर्नरबॅकला मागे टाकून निसटला आणि ५ सेकंद बाकी असताना टचडाउन झाला. जेट्स ३१-२८ असे हरले.

एक संघ जास्त सावध राहून हरला, दुसरा जास्त धाडस करून. पण दोघांची चूक एकच होती. दोघांनीही गुणफलक नीट वाचला नाही. बिल्सची आघाडी तीन गुणांची होती. चीफ्सला टचडाउनची गरजच नव्हती, फील्ड गोलच्या टप्प्यात पोहोचणे पुरेसे होते. अशा वेळी खोल मैदान राखणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला नको असलेली जागा राखणे आणि हवी असलेली सोडून देणे. जेट्सची आघाडी चार गुणांची होती. फील्ड गोलने रेडर्सचे काहीच भागणार नव्हते. वीस यार्डांचा पास गेला असता तरी चालले असते, राखायचे होते ते फक्त टोक. नेमके तेच मोकळे सोडले गेले.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर, शेवटच्या षटकात षटकाराची गरज असताना क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पसरवणे हे शहाणपण. मात्र एकेरी धावांवरच सामना जाणार असेल तर तेच क्षेत्ररक्षक सीमारेषेवर उभे राहून पराभव पाहतात.

स्पॅग्नुओलो यांचा निर्णय याच कसोटीवर बरोबर ठरतो. चीफ्स तीन गुणांनी पुढे होते, बिल्सला पाचच यार्ड हवे होते आणि तो त्या चालीतील अखेरचा प्रयत्न होता. मागे सरकून उभे राहिले असते तर ते पाच यार्ड सहज गेले असते. त्या क्षणी धाडस हाच कमी जोखमीचा मार्ग होता.

मग प्रशिक्षक चुकीचा पर्याय का निवडतात?

याचे उत्तर मैदानाबाहेर आहे. ग्रेग विल्यम्स यांची दुसऱ्याच दिवशी हकालपट्टी झाली. बिल्सच्या पराभवानंतर मुख्य प्रशिक्षक शॉन मॅकडरमॉट आणि बचाव प्रशिक्षक लेस्ली फ्रेझियर हे दोघेही पुढच्या हंगामात पदावर होते. दोन्ही संघांची परिस्थिती सारखी नव्हती, हे खरे. जेट्स त्या पराभवासह सलग बाराव्यांदा हरले होते, तर बिल्स विजेतेपदाचे दावेदार होते. तरीही यातून जाणारा संदेश प्रशिक्षकांना पक्का समजतो. धाडस फसले की ते एका माणसाच्या नावावर जमा होते. सावधपणा फसला की दोष प्रतिस्पर्ध्याच्या प्रतिभेला, नशिबाला किंवा नियमांना दिला जातो. २०२२च्या त्या सामन्यानंतर बाद फेरीतील जादा वेळेचा नियम बदलण्यात आला, कारण बिल्सला जादा वेळेत चेंडूच मिळाला नव्हता. बदल योग्यच होता. पण १३ सेकंदांत ४४ यार्ड कसे गेले, या प्रश्नावर त्यामुळे पांघरूण पडले.

जिथे नोकरी वाचवण्याचा मार्ग आणि सामना वाचवण्याचा मार्ग वेगळे होतात, तिथे अनेक जण पहिला निवडतात. संघमालकांनी निर्णयाचे मूल्यमापन निकालावरून न करता त्या क्षणी उपलब्ध असलेल्या माहितीवरून केले, तरच हे बदलेल.

तोडगा कशात आहे?

३ फेब्रुवारी २०१९च्या सुपर बोलमध्ये त्याचा नमुना दिसला. बिल बेलिचिक यांच्या पेट्रियट्सने हंगामभर प्रत्येक खेळाडूमागे एक बचावपटू अशी पद्धत वापरली होती. लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध त्यांनी ती बाजूला ठेवून बराच काळ जागा राखण्याचा सावध खेळ केला. क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ गोंधळलेला राहिला. १०-३ अशी आघाडी असताना सुमारे चार मिनिटे उरली आणि रॅम्स टचडाउनच्या टप्प्यात आले, तेव्हा पेट्रियट्सने अचानक कव्हर झिरो लावला. गॉफने घाईत उंच फेकलेला चेंडू स्टीफन गिलमोरने अडवला. पेट्रियट्स १३-३ असे जिंकले. मागे मैदान कमी उरलेले असल्याने जोखीम मर्यादित होती आणि सामन्यातील आधीच्या संयमामुळे त्या एका धाडसाची किंमत वाढली होती.

म्हणूनच ‘आक्रमक’ आणि ‘सावध’ ही लेबले प्रशिक्षकांच्या कपाळावर चिकटवण्यात फारसा अर्थ नाही. संघाने निवडीआधी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. पुढचे चौघे एकट्याने दबाव आणू शकतात का? समोरचा क्वार्टरबॅक चेंडू किती लवकर सोडतो? आणि या घडीला प्रतिस्पर्ध्याला जिंकण्यासाठी नेमके किती यार्ड, किती गुण हवे आहेत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सामन्याआधीच माहीत असतात. तिसऱ्याचे उत्तर गुणफलकावर लिहिलेले असते आणि दर मिनिटाला बदलते. तिथे नजर न टाकता घेतलेला निर्णय सावध असो वा आक्रमक, तो शेवटी सवयीने घेतलेलाच असतो.