अहवालातील घर आणि कायद्यातील घर

दत्तक मूल सोपविण्यापूर्वी अर्जदाराच्या घरी जाऊन गृहअभ्यास अहवाल लिहिणे, हे सामाजिक कार्यकर्त्यांचे काम. घरातील जिव्हाळा आणि स्थैर्य ते स्वतः पाहतात. मात्र समलिंगी जोडीदारांना दांपत्य म्हणून मूल मिळत नाही. २०२२ च्या दत्तक नियमावलीस दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन हवे असते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता नाकारली, आणि ही अटही तीन विरुद्ध दोन मतांनी कायम राहिली. परिणामी मूल कायद्याने एकाचेच ठरते. तो दगावल्यास सांभाळणारा दुसरा परका होतो. विवाहाचा प्रश्न आता संसदेपुढे आहे. तो सोडविताना उंबरठ्याआतले घर पाहिलेल्या या कार्यकर्त्यांची साक्ष तिने प्रथम घ्यावी. हित बालकाचे आहे.